आडनावाचा अर्थ विचारण्याआधी

जुन्या कागदांतल्या नावांवर पीएच.डी. करते, असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो: "मग आमच्या आडनावाचा अर्थ काय हो?" प्रश्न साधा वाटतो. पण संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी तो नीट उलगडून बघावा, कारण त्यात एक नाही, तीन प्रश्न दडलेले आहेत आणि बरेचसे लेख हे तिन्ही एकाच पातेल्यात टाकून ढवळतात.

पहिला प्रश्न शब्दाचा: हा शब्द मुळात कोणत्या भाषेतला, त्याचा अर्थ काय?
दुसरा प्रश्न घराचा: हे नाव या घराला कधी, कुणाकडून आणि कशासाठी मिळालं?
तिसरा प्रश्न वाचणाऱ्याचा: आज हे आडनाव वाचून लोक काय ओळखतात, किंवा ओळखलं असं समजतात?

पहिल्याचं उत्तर शब्दकोशात मिळतं. दुसऱ्याचं कागदात आणि माणसांच्या आठवणीत. तिसऱ्यासाठी सर्वेक्षण किंवा प्रयोग करावा लागतो. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी चिकटवलं की संशोधन घसरतं. कसं, ते बघू.

शेजारच्या गावापासून सुरुवात

मी राहते विरार पश्चिमेला, बोळिंजला. इथून नंदाखाल, आगाशी, नाळा, गास ही सगळी गावं जवळच. या पट्ट्यात फिरलात तर घरांवर डिसोझा, लोपीस, रॉड्रिग्ज, परेरा, मच्याडो, घोन्साल्विस अशा पाट्या दिसतील. त्या घरांत बोलली जाते ती सामवेदी किंवा वाडवळी बोली, आणि लिहिली जाते मराठी. उस्मानाबादच्या २०२० सालच्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे नंदाखालचेच.

आता पहिला प्रश्न लावू. ही आडनावं पोर्तुगीज आहेत आणि त्यांचे अर्थ अजिबात गूढ नाहीत. शेवटी 'एस' असलेली बरीचशी नावं बापाच्या नावावरून आलेली: रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा मुलगा, फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा, लोपीस म्हणजे लोपोचा. काही निसर्गातून आलेली: परेरा म्हणजे नाशपतीचं झाड, कार्व्हालो म्हणजे ओकचं झाड, सिल्वा म्हणजे रान. मच्याडो म्हणजे कुऱ्हाड. आणि डिसोझा? 'दि' म्हणजे 'चा', सोझा ही पोर्तुगालमधली एक नदी. थोडक्यात, डिसोझा म्हणजे शब्दशः 'सोझाकर'!

इथपर्यंत सगळं बरोबर. पण यावरून वसईतल्या परेरांचे पूर्वज नाशपती लावत होते असं कुणी लिहिलं तर? किंवा त्याहून वाईट, 'परेरा म्हणजे पेरूच्या वाडीवाले' असं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी बसवलं की असं होतं. नाशपतीचं झाड पोर्तुगालमध्ये होतं. वसईत आलं ते फक्त नाव.

ते आलं कसं? गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर १५३४ मध्ये तह करून वसई पोर्तुगिजांना दिली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे चार वर्षांत इथली बरीच कुटुंबं ख्रिस्ती झाली. बाप्तिस्म्याच्या वेळी नवं नाव मिळायचं, आणि आडनाव बहुतेक वेळा धर्मपित्याचं किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूचं घेतलं जायचं. म्हणजे ही आडनावं रक्ताच्या नात्याची खूण नाहीत. एका संस्काराच्या क्षणी शेजारी कोण उभं होतं, याची ती खूण आहे.

याचा संशोधनावर थेट परिणाम होतो. एकाच धर्मपित्याने पाच वेगळ्या कुटुंबांसाठी उभं राहिलेलं असू शकतं. ती पाचही कुटुंबं आज डिसोझा असतील, पण एकमेकांची भाऊबंद नसतील. उलट दोन सख्खे भाऊ दोन वेगळ्या धर्मपित्यांमुळे दोन वेगळ्या आडनावांचे झालेले असू शकतात. 'आडनाव सारखं म्हणून घराणं एक' हे गृहीत धरून वंशवृक्ष काढलात, तर झाड सुंदर येईल, पण ते चुकीच्या मुळावर उभं असेल.

चीनमध्येही हाच घोळ

आडनावांचा विषय निघाला की चीनचं उदाहरण द्यावंच लागतं, कारण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आडनावांची जगातली सर्वांत जुनी परंपरा तिथली. 'आडनाव' या अर्थाच्या चिनी अक्षरात (उच्चार साधारण 'शिंग') डावीकडे 'स्त्री' हे चिन्ह आहे आणि उजवीकडे 'जन्म'. यावरून प्राचीन चीनमध्ये कूळ आईकडून चालायचं असं अनेकदा सांगितलं जातं. पण थांबा. अक्षराची रचना हा पहिल्या प्रश्नाचा पुरावा आहे. समाजात कूळ प्रत्यक्षात कसं चालायचं हे ठरवायला वेगळा पुरावा लागतो.

वांग हे आज चीनमधल्या सर्वांत मोठ्या आडनावांपैकी एक. अर्थ 'राजा'. पण सगळे वांग एका राजाचे वंशज नाहीत. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या घराण्यांनी ते घेतलं. दुसरं उदाहरण सिमा या जोडअक्षरी आडनावाचं. शब्दशः अर्थ 'घोड्यांचा अधिकारी', म्हणजे सैन्यातलं एक पद. पण या आडनावाचा सगळ्यांत प्रसिद्ध माणूस सिमा च्यान हा इसवी सनापूर्वी सुमारे १०० च्या काळातला इतिहासकार होता. घोडे पूर्वजांच्या पदात राहिले आणि हा लिहीत बसला.

चिनी मुलं शेकडो वर्षं जी आडनावांची यादी पाठ करत आली, ती 'शंभर घराण्यांची आडनावं' सोंग राजवटीच्या सुरुवातीची, म्हणजे दहाव्या शतकातली. नावात शंभर असले तरी आज प्रचलित असलेल्या प्रतीत ५०४ आडनावं आहेत. पहिलं झाओ. का? झाओ लोक सर्वांत जास्त होते म्हणून नव्हे, तर तेव्हाच्या सम्राटाचं आडनाव झाओ होतं म्हणून. कोणतीही यादी हातात आली की आधी विचारायचं: हा क्रम कुणी लावला आणि कशासाठी? जनगणनेची यादी असो, मतदारयादी असो की शाळेचं रजिस्टर, हा प्रश्न सुटत नाही.

पद गेलं, नाव राहिलं

सिमाची मराठी भावंडं आपल्याकडे भरपूर आहेत. फडणीस, चिटणीस, सबनीस यांतलं 'नीस' हे फारसी 'नवीस'चं रूप, म्हणजे लिहिणारा. पेशवाईतले नाना फडणवीस हे मूळचे बाळाजी जनार्दन भानू. भानू हे घराण्याचं नाव, फडणवीस हे पद. इतिहासाने पद लक्षात ठेवलं. 'यांचं खरं आडनाव कोणतं?' असं विचारण्यात अर्थ नाही. कोणत्या कागदावर कोणतं नाव आलंय आणि तिथे ते का वापरलं, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

पाटील हे तर याचं सर्वांत मोठं उदाहरण. गावच्या मुलकी पाटलाचं वंशपरंपरागत पद महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने बंद झालं. नाव चालूच राहिलं. मराठा, कुणबी, आगरी, कोळी, जैन, लिंगायत अशा कितीतरी समाजांत पाटील आहेत. म्हणजे या आडनावावरून एवढंच म्हणता येतं की पूर्वी कधीतरी या घराचा पाटीलकीशी संबंध असावा. जात, धर्म, जिल्हा यांपैकी काहीच कळत नाही. वर्तकांचंही तसंच: वसईत ते सोमवंशी क्षत्रिय समाजातलं नावाजलेलं आडनाव, आणि चित्पावन ब्राह्मणांतही वर्तक आहेतच.

आता 'कर'. गावाच्या नावाला 'कर' लावला की आडनाव तयार, हे सगळ्यांना माहीत असतं. पण थोडं पुढे जाऊ. बोळिंजमध्ये राहणाऱ्या माणसाला बोळिंजमध्ये कुणी 'बोळिंजकर' म्हणेल का? सगळेच बोळिंजचे, मग ओळख पटणार कशी? हे नाव उपयोगी पडतं ते माणूस दुसऱ्या गावी गेल्यावर. म्हणून 'कर' असलेलं आडनाव पुष्कळदा स्थलांतराचा माग असतो. गाव कोणतं हे ते सांगतं, आणि गाव कधीतरी सुटलं हेही सांगतं.

पण हाही नियम डोळे मिटून लावायचा नाही. नागपूरकर भोसले किंवा जमखंडीकर पटवर्धन यांच्या नावातलं गाव सोडलेलं नाही, तिथे त्यांची सत्ता होती. आणि दीनानाथ मंगेशकरांनी गोव्यातल्या मंगेशीवरून आडनाव घेतलं ते स्वतः निवडून. सोडलेलं गाव, ताब्यातलं गाव, मनातलं गाव: एकाच 'कर'चे तीन अर्थ. कोणता लागू आहे ते त्या घराचा इतिहासच ठरवणार.

रजिस्टर नाव घडवतं

आपण समजतो की नाव आधी असतं आणि कागद ते फक्त टिपून घेतो. बऱ्याचदा उलटं होतं. कागदाला रकाना भरायचा असतो म्हणून आडनाव तयार होतं किंवा कायमचं ठरतं.

फिलिपिन्समध्ये हे अगदी उघडपणे झालं. तिथे स्पेनचं राज्य होतं. १८४९ मध्ये गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लावेरिया याने फर्मान काढलं की ज्यांची कौटुंबिक आडनावं ठरलेली नाहीत त्यांनी ती घ्यावीत. त्यासाठी आडनावांची अकारविल्हे यादी छापली आणि तिची पानं गावागावांत वाटली. परिणाम असा की काही गावांत बहुतेक सगळ्यांची आडनावं एकाच अक्षराने सुरू होऊ लागली. कर गोळा करणाऱ्या सरकारला माणूस ओळखता यायला हवा होता, हे त्यामागचं कारण.

आपल्याकडचं सर्वांत ओळखीचं उदाहरण बाबासाहेबांचं. वडिलांकडचं आडनाव सकपाळ. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे, त्यावरून आंबडवेकर. आणि साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी प्रवेश झाला त्या रजिस्टरात नाव आहे 'भिवा रामजी आंबेडकर'. (हाच दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.) आंबडवेकरचं आंबेडकर कसं झालं याची शिक्षकाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. संशोधक म्हणून इथे दोन पुरावे वेगळे ठेवायचे. रजिस्टर सांगतं की त्या दिवशी काय लिहिलं गेलं. का लिहिलं गेलं, हे सांगण्याची क्षमता त्या ओळीत नाही. ते आठवणींतून आणि चरित्रांतून येतं, आणि आठवणी तपासण्याची पद्धत वेगळी असते.

रकाने आजही बदलताहेत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत महाराष्ट्रात बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवला आहे. पन्नास वर्षांनी कुणी पीएच.डी. करणारी या याद्या उघडेल, तेव्हा तिला हा नियम माहीत असावा लागेल. नाहीतर २०२४ मध्ये समाज अचानक बदलला असा निष्कर्ष ती काढेल.

एक नाव सोडवून बघू: मच्याडो

आता थोडं प्रात्यक्षिक. पोर्तुगालमध्ये आज हे आडनाव साधारण 'मशादु' असं उच्चारतात. वसईत ते 'मच्याडो'. 'श'चा 'च' का, आणि 'द'चा 'ड' का?

गृहीतक पहिलं: सोळाव्या शतकात पोर्तुगीज भाषेत या जागी 'च' हाच उच्चार होता, 'श' नंतर आला. वसईने जुना उच्चार जपला.
गृहीतक दुसरं: पुढे इंग्रजी अमलात नाव रोमन लिपीत लिहिलं गेलं आणि इंग्रजी पद्धतीने वाचून पुन्हा मराठीत आलं.

दोन्ही पटण्यासारखी आहेत. निवडायचं कसं? इथे नाव सोडून दुसरीकडे बघायचं: मराठीत पोर्तुगिजांकडून थेट आलेल्या रोजच्या शब्दांकडे. 'चावी' हा पोर्तुगीज शब्द. आजच्या पोर्तुगीजमध्ये त्याची सुरुवात 'श'ने होते, आपल्याकडे 'च'ने. इथे मधे इंग्रजी नाहीच. म्हणजे जुना 'च' थेट मराठीत येत होता हे नक्की, आणि पहिल्या गृहीतकाला बळ मिळतं.

आता 'ड'. पाद्री, बालदी, फीत, मेस्त्री हे सगळे पोर्तुगीजमधून आलेले. यांत 'द' आणि 'त' दंत्यच राहिलेत. या हिशेबाने 'मच्यादो' व्हायला हवं होतं. इंग्रजीतून आलेल्या शब्दांत मात्र आपण सर्रास 'ड' आणि 'ट' करतो: डॉक्टर, डेपो, टेबल. म्हणजे 'ड' दुसऱ्या गृहीतकाकडे बोट दाखवतो. 'बटाटा' मधे आडवा येतो, कारण तो पोर्तुगीज असूनही त्यात 'ट' आहे. अपवाद लपवायचा नाही, तो नोंदवूनच पुढे जायचं.

तूर्त निष्कर्ष असा: एकाच नावात दोन काळांचे थर असू शकतात, 'च' पोर्तुगीज काळाचा आणि 'ड' इंग्रजी काळाचा. हे पक्कं करायचं तर दोन गोष्टी लागतील. एक, इंग्रजी अमलाच्या आधीच्या मराठी किंवा मोडी कागदांतलं या नावाचं लेखन. दोन, घरात आजी-आजोबा बोलीत हे नाव कसं उच्चारतात त्याची ध्वनिमुद्रणं. आणि एक सूचना: मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. म्हणून 'लोपिस की लोपीस' हा वाद मोडी कागदावरून सोडवायला जाऊ नका.

वाचणारा काय वाचतो

तिसरा प्रश्न शेवटी ठेवला, कारण माणसांचं खरं नुकसान तिथे होतं. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा: काही नावं उच्चजातीय हिंदू वाटतील अशी, काही दलित, काही मुस्लिम. पुढच्या फेरीसाठी बोलावणं येण्याचं प्रमाण (सांख्यिकीतले 'ऑड्स') उच्चजातीय नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश निघालं.

लक्षात घ्या, अर्ज वाचणाऱ्याने उमेदवाराची वंशावळ तपासली नव्हती. त्याने नाव वाचलं आणि अंदाज बांधला. अंदाज बरोबर असो की चूक, परिणाम मात्र झाला. म्हणून भेदभावाचा अभ्यास करताना 'नाव कसं वाचलं जातं' हा प्रश्न अगदी योग्य आहे. पण तोच अंदाज आपण आपल्या विश्लेषणात वापरला तर? हजार नावांची यादी घेतली, आडनावं बघून रकान्यात जात भरून टाकली, आणि त्यावरून तक्ते काढले. म्हणजे अर्ज वाचणाऱ्याने जे केलं तेच आपण केलं, फक्त त्याला 'चल' म्हटलं. पाटील, नाईक, चौधरी, वर्तक यांच्या बाबतीत हे किती फसवं आहे ते वर पाहिलंच. जात हवी असेल तर माणसाला विचारा, सांगायची की नाही हे त्याला ठरवू द्या, आणि न सांगणाऱ्यांचा रकाना वेगळा ठेवा.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

विरार-बोळिंजला म्हाडाची मोठी वसाहत आहे, हजारो घरांची. समजा, तुम्ही ठरवलंत की तळमजल्यावरच्या पाट्या वाचून इथे कुठून कुठून लोक आले ते शोधायचं. कल्पना चांगली आहे. पण पाटीवर घरमालक असतो, भाडेकरू बहुधा नसतो. बाईच्या नावावर घर असेल तर तिचं माहेरचं आडनाव तिथे नसेल. आणि 'कर'वरून काढलेलं गाव चार पिढ्यांपूर्वी सुटलेलं असू शकतं, मधे गिरणगावात दोन पिढ्या गेलेल्या असतील. म्हणजे पाट्यांवरून फक्त प्रश्न मिळतील. उत्तरांसाठी दार वाजवावं लागेल.

म्हणून पहिल्या दिवसापासून वहीत प्रत्येक आडनावासमोर पाच रकाने आखा:

१. नाव जसं लिहिलंय तसं, कानामात्रा न सुधारता.
२. कोणत्या कागदावर, कोणत्या तारखेला, कोणत्या लिपीत.
३. लिहिणारा कोण: धर्मगुरू, तलाठी, शिक्षक की स्वतः माणूस.
४. घरचे लोक काय सांगतात, त्यांच्याच शब्दांत.
५. माझा अंदाज. हा नेहमी वेगळ्या रंगात.

पाचवा रकाना चौथ्यात किंवा पहिल्यात मिसळू देऊ नका. आडनावांची पुस्तकं आणि मोबाइलवर फिरणाऱ्या याद्या यांतला बहुतांश गोंधळ याच एका सरमिसळीतून झालेला असतो. आणि कुणाच्या घरी विचारायला जाल तेव्हा 'तुमच्या आडनावाचा अर्थ काय' असं विचारू नका. 'हे नाव तुमच्याकडे सर्वांत जुन्या कोणत्या कागदावर आहे?' असं विचारा. मग कपाटातून खोके निघतात, जुने सातबारे निघतात, बाप्तिस्म्याचे दाखले निघतात, आणि आजी बोलायला लागते. तेव्हा पेन तयार ठेवा.